पाण्यावर ठेवलेली लेक

लातूर,
४ ऑगस्ट २०२४

ती. बाबांच्या चरणी,
धम्मप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

आईनं पाठवलेली जवसाची चटणी पोचली. सोबतचं तुमचं पत्रही पोचलं, पण चटणीचं तेल झिरपून ते निम्मं आरपार दिसू लागलंय. मायाच्या पप्पांनी ते खिडकीशी धरून वाचलं आणि म्हणाले, सासरे गावचे पोस्टमास्तर, आणि पार्सल असं बांधतात. तुम्हाला हे कळवू नको म्हणालेत, म्हणून कळवतेय. त्यांची एसटीच्या वर्कशॉपमधली पाळी सध्या सकाळची आहे. उद्यापासून श्रावण, त्यामुळं ब्लाउजं शिवून शिवून माझी मान आखडलीय.

आता फोन न करता लिहायला का बसले ते सांगते. कामाचं फोनवर बोलायचं आणि मनातलं पत्रात लिहायचं, हा नियम तुमचाच. मायाची दाढ गेला महिनाभर दुखत होती. ती एकाच बाजूनं जेवायची, आणि मला वाटायचं लाडात येऊन गाल फुगवतेय. शेवटी इथल्या दातांच्या डॉक्टर महादेवी मॅडमकडं नेलं. दुधाच्या दाढांपैकी एक काढावी लागली, दोन भरल्या. पोरगी सहा वर्षांची, आणि तोंडात इतकी कीड. मॅडम रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं.

त्यांनी आरशात दाखवलं, अगदी मागं एक नवी दाढ वर येतेय. ही पक्की. सहाव्या वर्षी गुपचूप येते, लोक तिला दुधाचीच समजतात आणि सोडून देतात. पुढं जन्मभर हिच्यावरच चावायचं असतं. दुधाच्या दाढा ज्या रस्त्यानं गेल्या त्याच रस्त्यानं ही जाऊ नये म्हणून वर एक लेप लावू, असं त्या म्हणाल्या. मी सहज लेपाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, फ्लोराईड.

बाबा, आपल्या शाळेपुढचा लाल हापसा डोळ्यांपुढं आला. मी आत्याकडून परत आले तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही मला तिथं नेऊन, त्यावर रंगवलेला हाच शब्द माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला होता. ज्या गोष्टीपासून वाचवायला तुम्ही मला घरातून पाठवलं, तीच माझ्या लेकीच्या दातांना मी पैसे देऊन लावून घेऊ का? मी मॅडमना नंतर येते म्हणाले आणि मायाला उचलून बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर कळलं की चप्पल तिथंच राहिली.

मायाच्या पप्पांचं म्हणणं, डॉक्टरनं सांगितलं तर लावून टाकायचं. माझं मन धजत नाही. तुम्ही हो म्हणालात तर लावीन, नाही म्हणालात तर नाही. पण लवकर कळवा, दाढ काही आपल्या टपालासाठी थांबणार नाही.

आईला जयभीम. माया आबांना पापी पाठवते.

तुमचीच,
धम्मप्रिया


पळसवाडी, ता. हिमायतनगर,
११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. धम्मप्रियास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र मीच थैलीतून काढलं, मीच शिक्का मारला आणि मीच घरी आणून दिलं. तुझ्या आईनं बक्षिसी म्हणून चहा दिला. जावईबापूंना सांग, पुढच्या वेळी चटणी त्यांनी येऊन न्यावी.

विहारात वर्षावासाचं वाचन सुरू आहे. संध्याकाळी सात-आठ जण येतात. वाचायचं काम माझ्याकडं आहे. परवा वाचता वाचता मी एकच ओळ दोनदा वाचली, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझं मन तुझ्या पत्रात होतं.

बेटा, माझं उत्तर नाही असं आहे. तू ते मागितलंस म्हणून स्पष्ट लिहितो.

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण लिहिलं की मला नीट दिसतं. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या गावची विहीर आटली आणि सरकारनं बोअर पाडून हापसा बसवला. त्या दिवशी गावानं हापशाला हार घातला होता असं माझी आई सांगायची. मी जन्मलो तो त्याच पाण्यावर. मला पक्के दात आले तेच तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे. माझ्या वर्गात सगळ्यांचेच तसे, म्हणून आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. वावगं वाटलं ते हिमायतनगरच्या शाळेत गेल्यावर. माझ्या आईचे दात पांढरेच राहिले, पण त्या पाण्यानं तिची मान आणि गुडघे धरले. शेवटची काही वर्षं तिला आभाळ पाहायचं असेल तर बाजेवर आडवं व्हावं लागायचं.

तपासणीवाले आले, हापसा लाल रंगवून गेले, तेव्हा कुठं आम्हाला पाण्याचा दोष कळला. पण गावातल्या बाया त्याच्या आधीपासून लेकरं बाहेरगावी ठेवत होत्या. कोणाच्या मामाकडं, कोणाच्या मावशीकडं. लेकरू पाण्यावर ठेवलंय, असंच म्हणायचे. तुझं दूध तुटलं तसं मी तुला अक्काच्या ओटीत घातलं. तू आठ वर्षांची होऊन परत आलीस तेव्हा तोंडभर पांढरे दात घेऊन आलीस, आणि मला अहो म्हणालीस. तेही मी आनंदानं ऐकलं.

म्हणून सांगतो, तो पदार्थ मायाच्या तोंडाजवळ नको. औषध म्हणून नको, लेप म्हणून नको. टूथपेस्टही नकोच, आजवर पाळलंस तसंच पाळ. सोबत दंतमंजनाची पुडी पाठवतो. बाभळीची साल, लवंग आणि सैंधव आहे, मी स्वतः कुटून वस्त्रगाळ केलंय. डॉक्टरीणबाई भल्या असतील. पण त्यांनी आपलं गाव पाहिलेलं नाही.

चप्पल मात्र जाऊन घेऊन ये.

तुझ्या सुखात सुख मानणारा,
आनंदराज


शिरूर अनंतपाळ,
२० ऑगस्ट २०२४

चि. आनंदास,
अक्काचा लई लई आशीर्वाद आनि जयभीम.

तुझी थैली रिकामी जाऊ नये म्हनून मी लिहिते, न्हाईतर मला काय हौस न्हाई. साक्षरतेच्या वर्गात शिकले ते तुझ्याच पोष्टाच्या कामी येतंय. माझी तब्येत बरी हाय. सोयाबीन गुडघ्याला लागलंय. म्हैस व्यालीय, रेडकू हाय.

पंधरा ऑगष्टच्या सुट्टीला प्रिया लेकीला घेऊन आली व्हती. मी मायासाठी कुरडया तळल्या. पोरगी चघळत बसली, चावंना. मी इचारलं तर प्रिया रडाया लागली. मग तिनं डॉक्टरचं सांगितलं, तुझं पत्र दावलं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. आनंदा, तू लिहितोस चांगलं, पन इचार अर्धाच करतोस.

तू म्हनतोस प्रियाचे दात पांढरेफेक. व्हय, हायत. माझ्याकडं व्हती तवा मीच घासून द्यायची. पन त्यातल्या मागच्या दोन दाढा लगीन व्हायच्या आदीच किडून गेल्या, हे तुला कुनी सांगितलं का? तिनं सांगितलं नसंल, बापाला वाईट वाटंल म्हनून. आनि माझं बघ. मी बोअरच्या आदीची, तू बोअरच्या नंतरचा. एकाच मायचे दोघं. माझे दात शेवंतीवानी व्हते, बघाया आले तवा सासूनं दातच बघून पसंत केलं. आता ते दात कुठं हायत? रातच्याला वाटीत पान्यात पडून असत्यात. तुझे काळेबेंद्रे, पन जाग्यावर हायत. अजून ऊस सोलून खातोस, मी बघितलंय. मला ह्यातलं शास्तर कळत न्हाई. पन जे पानी तुझे दात रंगवतंय आनि कीड लागू देत न्हाई, त्यात कायतरी असंल का न्हाई? नुसतं लाल हापसा, लाल हापसा करून कसं भागंल.

आजून एक बोलते, राग धरू नको. प्रिया माझ्याकडं सहा वरीस व्हती. माझ्या पोटी लेक न्हाई, मला लेक मिळाली, मी तुझे उपकार मानते. पन ती पयलं वरीसभर रोज संध्याकाळी फाट्याच्या बाजूला तोंड करून बसायची. आता तिच्या लेकीला तर तू एक रात सुदिक पळसवाडीला ऱ्हाऊ देत न्हाईस. सकाळी येतात, सोबत पान्याची बाटली, दिस मावळायच्या आत माघारी. नात आजोळी झोपली न्हाई असं मी कुठं ऐकलं न्हाई.

तू त्या डॉक्टरनीला नीट इचारून तर बघ. इचारायला काय पैसं पडत न्हाईत. आनि ते मंजन कुटायचं बंद कर, प्रियाचा मिक्सर बिघडला म्हनं त्यातला खडा लागून.

वयनीला आशीर्वाद. भावाची माया अशीच ऱ्हाऊ दे.

तुझी थोरली,
पंचफुला


पळसवाडी,
२९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. धम्मप्रियास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

अक्काचं पत्र आलं. तिनं मला धुऊन वाळत घातलं. मंजन आधीच बारीक असताना तू ते मिक्सरला का लावलंस, एवढंच तुला विचारायचं होतं, पण ते जाऊ दे.

तुझ्या दाढांचं तू मला सांगितलं नाहीस. मी दोन दिवस घुश्शात होतो. मग लक्षात आलं की मी तुझ्या पांढऱ्या दातांचं कौतुक गावभर सांगत असायचो, तेव्हा तू गप्प बसून हसायचीस. पुढचे दात दिसतील इतकंच हसायचीस. मागचे मी कधी पाहिले नाहीत. दातांकडं मी रंग म्हणूनच पाहत आलो.

संध्याकाळी वाचन झाल्यावर मी एकटाच विहारात बसलो. एखाद्या गोष्टीचं भय फार वर्षं बाळगलं की आपण तिचा विचार करायचं सोडून देतो, तिच्या नावाला बघूनच दार लावतो. आपण ज्यांना मानतो त्यांनी तर पारखून घ्यायला शिकवलं. मी तुला नाही म्हणालो ते पारखून म्हणालो नाही.

म्हणून माझं नाही मी मागं घेतो. पण हो अजून म्हणत नाही. तू त्या मॅडमकडं पुन्हा जा आणि माझ्या वतीनं विचार. आमच्या दातांना पाण्यातून लागलं तेव्हा नासले, मग मायाच्या दातांना वरून लागलं तर का नासणार नाहीत? हा लेप किती लावतात, आणि पोरीनं गिळला तर तो जातो कुठं? माझ्या आईची मान धरली तशी हिची धरणार नाही, हे त्या कशावरून सांगतात? आणि त्यांना लेकरं असतील तर त्यांनी आधी त्यांना लावलाय का? शेवटचं विचारताना त्यांना राग आला तर माझं नाव सांग. खेड्यातला माणूस आहे म्हणावं.

हे पत्रच त्यांच्यापुढं वाचलंस तरी चालेल. अक्षर बरं काढलंय.

तुझ्या आईचं म्हणणं, मायाला रात्री साखरेचं दूध देऊ नकोस, दिलंच तर वर पाणी पाज. ती हे मंगळवारपासून रोज म्हणतेय, आता मी लिहून मोकळा झालो.

उत्तराची वाट पाहणारा,
आनंदराज


लातूर,
१७ सप्टेंबर २०२४

ती. बाबांच्या चरणी,
धम्मप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

पावसानं तुमचं पत्र उशिरा पोचलं आणि पुढं मला पाण्याच्या कागदाची वाट पाहावी लागली, म्हणून उत्तराला वेळ झाला. पाण्याचा कागद कसला ते खाली येईलच.

मॅडमपुढं तुमचं पत्र वाचायला लागले, पण आजीच्या मानेपाशी अडखळले. त्यांनी हात पुढं करून पत्र घेतलं आणि स्वतः वाचलं. पूर्ण वाचलं, मंजन, मिक्सर, सगळं. वाचून झाल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? मायाच्या दाताचा नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या घरी पाणी कुठलं येतं, नळाचं, बोअरचं की जारचं? बाबा, हा प्रश्न आपल्या गावाबाहेरच्या कोणी विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला. त्या उदगीरकडच्या आहेत. शिकत असताना किनवटच्या बाजूच्या गावांत शिबिराला गेल्या होत्या आणि तिथं तुमच्यासारखेच दात पाहिले होते. त्यांनी आपलं गाव नसेल पाहिलं, पण आपल्या गावाचे भाऊबंद पाहिलेत.

आम्ही बोअरचं पितो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आधी ते तपासून आणा, मग लेपाचं बोलू. पाण्यातूनच जास्त मिळत असेल तर वेगळा विचार करावा लागेल. मी बाटली भरून तपासणीला दिली. कागद आला. आमच्या पाण्यात फ्लोराईड लिटरमागं अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली आहे. दीडच्या वर गेलं की वाईट, आणि लाल हापशाला चारच्या पुढं होतं असं तुम्हीच सांगायचात. म्हणजे काळजी नाही.

मग त्यांनी तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. दात हिरडीच्या आत घडत असतो तेव्हा पोटात गेलेल्या पाण्याचा त्याच्यावर परिणाम होतो. ते पाणी वर्षानुवर्षं, रोज, तांब्यातांब्यानं गेलं तर दात डागाळून बाहेर येतो. हाडांचंही तसंच, पाण्यातलं फार जास्त असेल आणि उभा जन्म तेच प्यायलं तर. एकदा दात बाहेर आला की वरून लावलेलं त्याला नासवत नाही. साखरेच्या आंबटपणानं जिथं दात भुसभुशीत व्हायला लागतो तिथं ते बसतं आणि दात टणक करतं. लेप सगळ्या तोंडाला मिळून थेंबभर लागतो, ब्रशच्या टोकानं. थुंकी लागली की दाताला चिकटतो. थोडा पोटात जातोच, पण तो वर्षातून दोनदा, रोज नाही.

मला त्यांची एक गोष्ट आवडली. हे अगदी निर्धोक आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. लेकरानं बाटली तोंडाला लावली तर उलट्या होतील, दवाखान्यात न्यावं लागेल. म्हणून ती कपाटात कुलपाखाली असते, घरी कोणाला देत नाहीत. टूथपेस्टचंही तसंच. मायाला ती सुरू करा म्हणाल्या, पण वाटाण्याएवढीच, आणि थुंकेपर्यंत मोठ्या माणसानं शेजारी उभं राहायचं. गोड लागते म्हणून पोरं खातात, त्याला जपा म्हणाल्या. आत्याचं म्हणणंही त्यांनी खोटं ठरवलं नाही. डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते, ही गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात अशीच गावोगावचे दात पाहून आली. पण पाण्यात फार झालं तर दात ठिसूळही होतात, त्यामुळं हापशाला औषध समजू नका, असा निरोप आत्याला दिलाय. त्यांच्या मुलीला त्या स्वतः लेप लावतात. तुमच्या त्या प्रश्नावर हसल्या आणि म्हणाल्या, मी वडिलांच्या जागी असते तर हाच प्रश्न सगळ्यात आधी लिहिला असता.

शेवटी त्यांनी विचारलं, माया पळसवाडीला किती दिवस राहते. मी सांगितलं, राहतच नाही, आजवर एकही रात्र नाही. का, म्हणाल्या. मी पाण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सुट्टीतल्या आठ-पंधरा दिवसांच्या पाण्यानं दात डागाळत नाहीत, महिनेच्या महिने लागतात. एवढंच बोलल्या आणि मायाची फाइल आवरली. मी हे तुम्हाला कळवू की नको, यात दोन दिवस घालवले.

एक महत्त्वाचं राहिलं. त्या म्हणाल्या, तुमच्या बाबांनी तुम्हाला बाहेर ठेवलं ते बरोबरच केलं. तेव्हा त्यांनी मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

बाबा, आता तुमचा शब्द हवा. आणि जमलं तर त्या दिवशी तुम्ही स्वतः या. माया तोंड उघडत नाही, दाढा भरताना मॅडमच्या बोटाला चावलीय.

तुमचीच,
धम्मप्रिया

ता. क. चप्पल मिळाली.


पळसवाडी,
७ ऑक्टोबर २०२४

ती. अक्काच्या चरणी,
आनंदाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं ऐकलं. रजा टाकून, नांदेडला गाडी बदलून लातूरला गेलो आणि काल परत आलो. तुला सगळं ऐकल्याशिवाय झोप येणार नाही, म्हणून आल्या आल्या लिहितो.

प्रियानं मॅडमचं म्हणणं कळवलं होतं तेव्हाच माझं मन बरंचसं वळलं होतं. पण मन वळणं वेगळं आणि नातीच्या तोंडाशी त्या नावाची बाटली पाहणं वेगळं. दवाखान्यात वेळेआधीच जाऊन बसलो. जावईबापू शेजारी बसून एसटीच्या ब्रेकच्या गोष्टी सांगत होते. चांगला माणूस आहे, फक्त गप्प बसवत नाही.

मॅडम तरुण आहेत. मी हात जोडले तर त्याही उठून उभ्या राहिल्या. मायाला खुर्चीत बसवलं आणि मायानं ओठ असे मिटले की जणू टाके घातलेत. प्रियानं समजावलं, बापानं चॉकलेटचं आमिष दाखवलं. दातांच्या दवाखान्यात चॉकलेट, मॅडमनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते बाहेर जाऊन उभे राहिले. मग मॅडम मला म्हणाल्या, काका, आधी तुम्ही बसता का, हिला बघू द्या.

अक्का, तुला माहीत आहे, मी फोटो काढतानासुद्धा तोंड मिटून घेतो. पण बसलो. दिवा तोंडावर आला. मॅडमनी छोटा आरसा मायाच्याच हातात दिला आणि तिला माझे दात दाखवायला लागल्या. एकही दात किडलेला नाही म्हणाल्या. पट्टे आहेत, खड्डे आहेत, पण कीड नाही. माया आरसा घेऊन अगदी वाकून माझ्या तोंडात पाहत होती. तिच्या श्वासाला पेपरमिंटाचा वास होता. तिनं विचारलं, आबा, तुमचे दात कोणी रंगवले? तोंडात आरसा, मी काय सांगणार. आरसा काढल्यावर सांगितलं, आपल्या गावच्या जमिनीनं. मग माझे कोण रंगवणार, म्हणाली. मॅडमकडं बोट दाखवलं. ती स्वतःहून खुर्चीत चढली आणि तोंड उघडून बसली.

काम दोन मिनिटांत झालं. बाटलीतून थेंबभर काढलं, बारीक ब्रशानं दातांवर फिरवलं. त्या नव्या दाढेवर जरा थांबून लावलं. मी जवळ उभा राहून पाहिलं. मला वाटलं होतं, मला भीती वाटेल. उलट, भाकरीवर तुपाचं बोट फिरवावं तसं काहीतरी घरचंच वाटलं. संध्याकाळपर्यंत कडक खायचं नाही, आज दात घासायचे नाहीत, एवढंच पथ्य. मी विचारलं, अजून सहा महिन्यांनी पुन्हा का? म्हणाल्या, हो, आणि तेव्हाही पाणी कुठलं पिता ते मी विचारणार.

घरी आल्यावर मजा झाली. त्या लेपाचा रंग पिवळट असतो, एक दिवस दातांवर दिसतो, मग निघून जातो. माया कपाटाच्या आरशापुढं स्टूल घेऊन उभी राहिली, ओठ वर करून पाहिले आणि ओरडली की माझे दात आबांसारखे झाले. शेजारच्या आजींना दाखवून आली. रस्त्यातल्या भाजीवालीलाही दाखवलं. प्रिया घाबरून माझ्याकडं पाहायला लागली, मला काय वाटेल म्हणून. माझ्यासारखे दात कोणाला हवेसे वाटतील, हे एकोणपन्नास वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तुझं पत्र नसतं तर मी दार लावूनच बसलो असतो. तरी मंजन चांगलं आहे, हे मी अजूनही म्हणतो. मॅडमना चिमूटभर दाखवलं, वास घेऊन म्हणाल्या, लवंग छान आहे. मिठाचं आणि सालीचं त्या काही बोलल्या नाहीत.

रेडकाला जप. थोरलेपणाची छाया आमच्यावर असू दे.

तुझा धाकटा,
आनंदराज


पळसवाडी,
१८ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. धम्मप्रियास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

काल आश्विन पौर्णिमा झाली, वर्षावास संपला. खीरदान झालं. वाचनाचा शेवटचा दिवस म्हणून या वेळी बायाबापड्या आणि लेकरं, सगळे आले होते. वाचून झाल्यावर मी मायाच्या लेपाची हकीकत सांगितली. फ्लोराईड म्हटल्याबरोबर मागून आवाज आला की मास्तर, तुमचं डोकं फिरलं का. मग मी तू लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं. काही जणांना पटलं, काही जणांना नाही, आणि सिंधुबाईनं विचारलं की हापशाचं पाणी दातांवर नुसतं चोळलं तर चालेल का. तिला नाही म्हणून समजावता समजावता माझ्या वाटची खीर संपली. आता शाळेतल्या लेकरांना तपासायला मॅडमना बोलवावं असं ठरतंय. इथं लेप लावायचा की नाही ते त्या पाणी पाहून ठरवतील, हेही मी सगळ्यांना बजावून सांगितलं. आपल्या गावात उत्तर लातूरचंच असेल असं नाही.

आता घरचं. दिवाळीच्या सुट्टीत मायाला इकडं पाठव. मुक्कामाला पाठव. आठ दिवस म्हणतोय, पंधरा झाले तरी हरकत नाही. प्यायला आपण ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी आणतो, ते गेल्या साली तपासलं होतं, एकाच्या खाली आहे. तरी तू काळजी करशील म्हणून तेही पुन्हा तपासायला टाकलंय. तुझ्या आईनं आजच गोधडी उन्हात घातली. तिला म्हटलं अजून सुट्टीला अवकाश आहे, तर म्हणाली, सहा वर्षं झाली, अजून किती अवकाश हवा.

तुझं दूध तुटलं तेव्हा तुला अक्काकडं सोडून मी परत निघालो. बसमध्ये शेजारच्या माणसानं विचारलं, लेकरू कुठं ठेवलं. मी सांगितलं, पाण्यावर. तो बिचारा पुढं काही बोलला नाही, त्याला वाटलं असावं की मी काही वाईट झालेलं सांगतोय. ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगावंसं वाटलं, कारण माझ्या मनावर आता त्याचं ओझं नाही.

पोरीला नांदेडच्या गाडीत बसवून द्यायचं धाडस करू नका, दोघांपैकी एकानं सोबत यावं. टूथपेस्ट तिच्या पिशवीत टाक, वाटाण्याएवढी काढून मी देत जाईन आणि थुंकेपर्यंत शेजारी उभा राहीन. रात्री तिला आमच्या दोघांच्या मध्ये झोपवू. ती उठून आई कुठं म्हणून रडली तर मी उठेन. मला ते तुझ्या वेळी करायला मिळालं नव्हतं.

आम्ही फाट्यावर उभे आहोत असंच समज, आणि निघायच्या दिवशी फोन कर.

तुझे,
बाबा